लहान मुलाचा ताप आणि भारतातून आणलेली बाटली

भारतातून परदेशात नवीन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या बॅगेत अर्धं मेडिकलचं दुकान असतं. असू दे. पण त्यातली तापाच्या सिरपची बाटली आणि इथे घेतलेली बाटली एका कप्प्यात ठेवू नका.

औषध दोन्हींत पॅरासिटामॉलच, पण प्रमाण वेगळं. भारतात ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. अमेरिकेत मुलांचं सिरप ५ मिलीत १६० चं, आणि लेबलवर नाव असतं अ‍ॅसिटामिनोफेन. म्हणून ग्रुपवर ‘किती मिली देऊ?’ असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो, आणि उत्तर देणाऱ्यांचा त्याहून जास्त. कुठल्या बाटलीतलं, ते कोणी विचारतच नाही.

हिशोब वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८०. हे १२० च्या सिरपमधून साडेसात मिली होतं. तेच साडेसात मिली २५० च्या बाटलीतून दिलं, तर पोटात ३७५ मिलिग्रॅम गेलं. ड्रॉप्समधून दिलं तर ७५०! वजन आजचं धरा, गेल्या लसीच्या वेळचं नको. घरातला चमचा नको. बाटलीबरोबर आलेली सिरिंज त्याच बाटलीसाठी. फ्रान्समध्ये तर काही सिरिंजवर मिलीऐवजी मुलाच्या वजनाचे किलोच छापलेले असतात. ती दुसऱ्या औषधाला वापरली की सगळंच चुकलं.

दोन डोसमध्ये किमान चार तास, बरं म्हणजे सहा. दिवसभरात चार डोसच्या वर नको. आमच्या ओळखीत एका घरी आईने संध्याकाळी सिरप दिलं, रात्री बाबांनी सर्दीचं औषध पाजलं आणि त्यातही पॅरासिटामॉल निघालं. मूल सुखरूप आहे, पण ती रात्र इमर्जन्सीत गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना फ्रिजवर कागद चिकटवायला लावते: वेळ, औषध, मिलिग्रॅम, कोणी दिलं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड या तापाच्याच दुसऱ्या औषधाच्या बाटल्या येतात भारतातून, त्यांतल्या काहींत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. लेबलवरची बारीक अक्षरं वाचा.

आयबुप्रोफेन हे तापाचं आणखी एक औषध, ते सहा महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा कांजिण्या असतील, तरीही नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नका. आणि निमेसुलाइड हे तापाचं औषध कोणाच्या बॅगेत सापडलं तर ते बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतातही २०११ पासून बंदी आहे.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे आपला १००.४ ताप आला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा. मोठं मूलही निपचित पडलं, श्वास घ्यायला धडपडू लागलं, लघवी कमी झाली, पुरळ दाबूनही फिकं पडेना, तर तेच.

बाकी मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर आकड्यामागे धावू नका. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून असतं. त्याने तापातली आकडी टळत नाही. शांत झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवू नका. थंड पाण्याने अंग पुसणंही नको, मूल कुडकुडतं. ‘इथले डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत’ ही आपल्या लोकांची नेहमीची कुरकुर. व्हायरल तापाला ते लागत नाही, आणि मला तरी त्यांचंच बरोबर वाटतं.

डोस जास्त गेल्याची शंका आली, तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. यकृताला इजा होत असतानाही पहिला दिवस मूल ठणठणीत दिसू शकतं, आणि उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो. तुमच्या देशात विषबाधेसाठी हेल्पलाइन असेल तर तिचा नंबर आजच फोनमध्ये टाका, आणि बोलताना बाटली हातात ठेवा. पहिला प्रश्न लेबलवरच्या मिलिग्रॅमचाच येतो.