शेतात सापडलेल्या धातूच्या वस्तूची नोंद

इंग्लंडमधील नांगरलेल्या शेतात, जमीनमालकाच्या परवानगीने शोध घेताना, एखादे रोमन ब्रोच (कपड्याला अडकवायची शोभेची पिन) हाती लागले, तर तिथून हलण्यापूर्वीच जीपीएसवरून दहा अंकी ग्रिड संदर्भ (नकाशावरील जागा दाखवणारे आकडे) टिपून घ्यावा, कारण नेमकी जागा नंतर आठवून सांगता येत नाही. माती हलक्या हाताने झटकावी, पण वस्तू मुळीच घासू नये. तांब्याच्या मिश्रधातूवरील गुळगुळीत हिरवा थर खरवडला गेला, की त्यासोबत बारीक नक्षीही कायमची जाते. मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मापे मिलिमीटरमध्ये व वजन ग्रॅममध्ये लिहावे, पिन तुटलेली असल्यास तेही नमूद करावे. त्यानंतर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे अशा नोंदी घेणाऱ्या अधिकाऱ्याला, वस्तू दाखवावी. किमान ३०० वर्षे जुनी, किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू (एकटे सापडलेले नाणे वगळता) १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार १४ दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला) कळवणे बंधनकारक आहे.