स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा स्थानिक डेटाबेस कसा उभारावा

इथेरियम या ब्लॉकचेनवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे, म्हणजे तिथे चालणाऱ्या प्रोग्रामचे, विश्लेषण स्वतःच्या संगणकावर करायचे असेल, तर माहिती उतरवून घेण्याआधी टेबलांची रचना ठरवावी. प्रत्येक पत्त्यासमोर संपूर्ण बाइटकोड (कॉन्ट्रॅक्टचे यंत्राला समजणारे रूप) साठवण्याचा मोह टाळावा, कारण एकच कोड असंख्य पत्त्यांवर जसाच्या तसा आढळतो. एका टेबलात बाइटकोड आणि त्याचा केचॅक-२५६ हॅश (कोडवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) ठेवावा. दुसऱ्यात साखळीचा (ब्लॉकचेनचा) क्रमांक, पत्ता, निर्मितीचा ब्लॉक, निर्माता आणि त्या हॅशचा संदर्भ. लहान संग्रहाला एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर पुरते, मोठ्याला पोस्टग्रेस बरे.

ज्या व्यवहारात प्राप्तकर्त्याचा रकाना रिकामा असतो, तो कॉन्ट्रॅक्ट निर्माण करणारा व्यवहार होय, आणि नवा पत्ता त्याच्या पावतीत (व्यवहाराच्या निकालाच्या नोंदीत) मिळतो. व्यवहार फसला तरी पावतीत पत्ता दिसू शकतो, म्हणून त्याची स्थिती तपासावी. एका कॉन्ट्रॅक्टने जन्माला घातलेली दुसरी कॉन्ट्रॅक्टे मात्र या मार्गाने हाती लागत नाहीत; त्यांच्यासाठी नोडकडून (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाकडून) प्रत्येक ब्लॉकचे ट्रेस, म्हणजे व्यवहारांतील पायऱ्यांच्या नोंदी, घेऊन त्यांतील ‘क्रिएट’ आणि २०१९ मध्ये आलेले ‘क्रिएट२’ हे कॉन्ट्रॅक्ट निर्माण करणारे आदेश शोधावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण ते वगळले तर संग्रह अपुराच राहतो. वाचन अंतिम ठरलेल्या ब्लॉकपर्यंतच करावे, म्हणजे साखळीच्या फेररचनेमुळे (अलीकडचे ब्लॉक बदलले गेल्यामुळे) नोंदी खोट्या ठरणार नाहीत.

खरी मेहनत आहे ती सारखे कोड ओळखण्यात. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या भाषेचा कंपायलर बाइटकोडच्या शेवटी मेटाडेटा (कोडविषयीची माहिती) जोडतो आणि अगदी शेवटच्या दोन बाइट्समध्ये त्याची लांबी लिहितो. तिथे ५१ असेल, तर त्या दोन धरून ५३ बाइट्स कापावेत. मूळ कोडमधील केवळ एक टिप्पणी बदलली तरी हे शेपूट बदलते, म्हणून ते काढून उरलेल्या भागाचा दुसरा हॅश वेगळ्या रकान्यात ठेवावा. ईआयपी-११६७ या इथेरियम मानकाच्या प्रकारचे प्रॉक्सी (आलेले काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवणारी छोटी कॉन्ट्रॅक्टे) ४५ बाइट्सचे असतात आणि त्यांतील ११ ते ३० या बाइट्समध्ये खऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता असतो. तो काढून घेतला नाही, तर एकाच कॉन्ट्रॅक्टच्या प्रती वेगवेगळ्या मोजल्या जातील.

पत्त्यावर कोड आढळला म्हणजे ते कॉन्ट्रॅक्टच, हे गृहीतकही आता चालत नाही: इथेरियमच्या मे २०२५ मधील पेक्ट्रा सुधारणेपासून साध्या खात्यावरही २३ बाइट्सची प्रतिनियुक्तीची (काम एखाद्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडकडे सोपवल्याची) खूण असू शकते. ती वेगळी काढावी.

पडताळलेला मूळ कोड सोर्सिफाय या पडताळलेल्या कोडच्या खुल्या संग्रहावरून घेऊन बाइटकोडच्या हॅशशी जोडावा. पत्त्यांच्या टेबलात मात्र केवळ पत्ता ही प्राथमिक की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखण्याची खूण) करू नये. मार्च २०२४ मधील डेनकुन सुधारणेपूर्वी कॉन्ट्रॅक्ट नष्ट करून त्याच पत्त्यावर निराळा कोड आणता येत असे, त्यामुळे साखळी, पत्ता आणि निर्मितीचा ब्लॉक मिळून की करावी आणि नष्ट झाल्याच्या ब्लॉकसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.