मॉस्किटो बेला शिडाच्या बोटीने जाताना

व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या खाडीत पाणी ढवळलं की त्यातले सूक्ष्म जीव काळोखात उजळतात. या चमकत्या खाडीत जायचं असेल तर तारीख वाऱ्यावरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. आम्ही पहिल्या खेपेला वारा चांगला मिळाला म्हणून निघालो आणि पोचलो ते नेमके पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पाण्यात हात घातला तर दुधात कालवल्यासारखं फिकट काहीतरी दिसलं, एवढंच. शेवटी चंद्र सरेपर्यंत सहा दिवस थांबलो, आणि सहाव्या रात्री त्याच पाण्याने आम्हाला गप्प केलं.

हिशोब सोपा आहे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला आपण रात्री चंद्राची वाट बघत ताटकळतो ना, तेच गणित तिथेही लागू पडतं. संकष्टीला काळोखाचे दोनेक तास मिळतात, पण मधे ढग आले किंवा निघायला उशीर झाला तर तेही जातात. म्हणून वद्य षष्ठीपासून अमावस्येपर्यंतच्या रात्री धरा. अमावस्येनंतरचे तीन-चार दिवसही चालतात, फक्त चंद्र मावळल्यावर निघायचं.

पोर्तो रिकोच्या पूर्वेला हे बेट आहे आणि खाडी त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. वारा बहुतेक वेळा पूर्वेचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्याला तोंडावरच. दुपारी तो चढतो, म्हणून पहाटे नांगर उचलून सकाळीच जितकं अंतर कापता येईल तितकं कापा. उत्तरेच्या कुलेब्रा बेटाहून उतरणाऱ्यांना सोपं जातं. बेटाच्या पूर्व टोकाजवळ मात्र रेंगाळू नका. 2003 पर्यंत तिथे अमेरिकन नौदलाचा सरावाचा पट्टा होता आणि न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो. नकाशावर बंदीच्या जागा दाखवलेल्या आहेत, तिथे नांगर टाकायचा नाही. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, त्या दिवसांत रोज हवामान बघितल्याशिवाय हलू नका. भारतीय पासपोर्टवर बोटीने येत असाल तर अमेरिकेचा व्हिसा आधी हातात हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट खाडीत न्यायची नाही. आत इंजिनाला बंदी आहे, पोहायलाही बंदी आहे. पश्चिमेला सन बे आहे, अर्धचंद्राकृती, वाळूची, काठावर नारळाची झाडं आणि मोकळे फिरणारे घोडे. बोट तिथे ठेवा. एस्पेरान्सा गावासमोर नांगरायचा मोह होतो, कारण खानावळी समोरच दिसतात. आम्ही तेच केलं. दक्षिण-पूर्वेची लाट येत होती आणि रात्रभर बोट पाळण्यासारखी झुलत राहिली, डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सन बेत आलो तर बोट निम्मीही डोलत नव्हती. अर्थात लाट तशीच फिरली तर तिथेही हेलकावे बसतात.

नांगर टाकताना तळ नीट बघा. गडद डाग म्हणजे समुद्री गवत. त्यावर नांगर रुतत नाही आणि गवताचंही नुकसान होतं. फिकट वाळूचा तुकडा शोधा आणि खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडा, वारा असेल तर सातपट. मी सुकाणूवर असते, माझा जोडीदार पुढे नांगरापाशी. आम्ही ओरडून बोलत नाही, हाताने खुणा करतो. मूठ म्हणजे थांब, तळहात मागे म्हणजे इंजिन मागे. इंजिन मागे चालवून बोट जागची हलत नाही हे किनाऱ्यावरच्या दोन झाडांची रेघ धरून तपासलं की मग चहा.

किराणा आधीच भरून या. एस्पेरान्सात छोटी दुकानं आहेत. मोठी खरेदी उत्तरेच्या इसाबेल सेगुंदा गावात होते आणि तिथे जायला सामायिक व्हॅन मिळतात.

खाडीत जायचं ते परवाना असलेल्या मार्गदर्शकाबरोबर, कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीतून. दोघांच्या कयाकमध्ये मागे बसलेला दिशा सांभाळतो, पुढचा ताल धरतो. कोण कुठे बसणार हे उजेड असतानाच ठरवा. निघण्याआधी आंघोळ करा आणि अंगाला काहीही लावू नका. डास पळवणारी औषधं, सनस्क्रीन, सुगंधी तेल यांतली रसायनं त्या जिवांना मारतात. डास भरपूर असतात, म्हणून लांब बाह्या आणि लांब पॅन्ट घाला.

तो जीव म्हणजे पायरोडिनियम बहामेन्स नावाचा एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट. पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, आतलं आम्ल वाहतं आणि ल्युसिफेरिन हे प्रकाश देणारं रसायन पेटतं. ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीच टिकते, पण लाखो जीव एकदम पेटतात. दिवसा मात्र ते उजळत नाहीत. खाडीचं तोंड अरुंद असल्यामुळे ते बाहेर वाहून जात नाहीत, आणि काठच्या खारफुटीची पानं कुजून त्यांना पोषण मिळतं. 2017 मध्ये मारिया वादळाने खारफुटी उद्ध्वस्त केली, तेव्हा ही खाडी काही महिने अंधारात होती. म्हणून मी या सूचनांबद्दल इतकी आग्रही आहे. इथला उजेड गृहीत धरता येत नाही.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. डोक्याचा दिवा आणि मोबाइलचा पडदा, दोन्ही बंद. हलत्या कयाकमधून फोनला काही टिपता येत नाही, तो बोटीवरच ठेवा. मग पाण्यात हात बुडवून सावकाश वर काढा. बोटांवरून ओघळणारा प्रत्येक थेंब आधी निळा दिसतो आणि मनगटापर्यंत पोचेपर्यंत विझलेला असतो. वल्ह्याखाली भोवरे उठतात, मासा दचकून पळाला की बाणासारखी रेघ उमटते. जोडीदार वल्हं मारायचं विसरला आणि मीही त्याला आठवण केली नाही.

बोटीवर परतल्यावर लगेच झोपू नका. नांगराचा दिवा चालूच ठेवावा लागतो, पण बाकी सगळे दिवे मालवा आणि डिंगीची, म्हणजे बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीची, दोरी पाण्यातून हळूच ओढा. सन बेच्या पाण्यातही थोडेफार जीव असतात, दोरीच्या पिळांत ठिणग्या अडकलेल्या दिसतात. शौचालयाचा पंप समुद्राच्या पाण्यावर चालत असेल तर तोही अंधारात चालवून बघा. अर्थात सांडपाणी टाकीतच जाऊ द्या.

आणखी एक. मोठा पाऊस पडून गेल्यावर गोड पाणी खाडीत उतरतं आणि चमक काही दिवस मंदावते. पण कयाकमध्ये बसलेले असताना हलकी सर आली, विजा नसल्या, तर परत फिरायची घाई करू नका. आमच्यावर अशी पाच मिनिटांची सर आली होती. जिथे थेंब पडेल तिथे एक ठिणगी, आणि पार खारफुटीच्या काळ्या रेषेपर्यंत अख्खी खाडी तशीच.