दिवसभरात पाच बेकऱ्या: मित्रांसोबत पाय (pie) चाखायचा बेत कसा आखावा

अशा फेरीचा विचका बहुधा तिसऱ्या दुकानात होतो. पहिल्या दोन ठिकाणी प्रत्येकाने पायचा, म्हणजे पिठाच्या पारीत गोड किंवा खारं सारण भरून भाजलेल्या गोल पदार्थाचा, आपापला तुकडा मागवलेला असतो, वर दुधाची कॉफी झालेली असते आणि पुढच्या काउंटरसमोर मंडळी नुसतीच उभी राहतात. तेव्हा आधी हिशेब पक्का करा, दुकानांची यादी मागाहून.

२३ सेंटिमीटर व्यासाच्या पायचे सहसा आठ तुकडे करतात. एक तुकडा साधारण १२५ ते १५० ग्रॅमचा भरतो. चौघे जण, पाच ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी दोन तुकडे असं धरलं, तर दिवसाअखेर माणशी अडीच तुकडे होतात. पाच-सहा तासांत एवढं सहज जिरतं, पण दुपारचं जेवण त्यातच धरायचं. सकाळी हलकं काहीतरी खाऊन निघा. उपाशीपोटी गेलात तर पहिलाच पाय सगळ्यांत भारी वाटेल आणि त्याला फुकटचे गुण मिळतील. सहापेक्षा जास्त माणसं जमवू नका. तुकडा नीट वाटता येत नाही आणि बसायला एक टेबलही मिळत नाही.

दोन तुकड्यांपैकी एक सगळीकडे सारखाच हवा. दुसरा त्या दुकानाची खासियत. एकीकडे लेमन, दुसरीकडे चॉकलेट, तिसरीकडे चिकनचा पाय खाल्लात, तर दिवस मजेत जाईल, पण कोणाचा हात चांगला ते कळणार नाही. तुलनेसाठी अ‍ॅपल पाय सोयीचा: वर आणि खाली दोन्हीकडे पारी असते, फळाला पाणी सुटतं आणि ते आवरताना बेकरची परीक्षा होते.

आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी विचारा. हवा तो पाय उद्या आहे का, भट्टीतून किती वाजता निघतो, तुकड्याने मिळतो की अख्खाच घ्यावा लागतो, आणि तो तुम्ही स्वतः भाजता का. चौथा प्रश्न कॅफेंना जरूर विचारा. बरेच कॅफे पाय बाहेरून मागवतात. दोन कॅफेंचा पुरवठादार एकच निघाला, तर तोच पाय दोन वेगवेगळ्या बशांत खाऊन त्यावर वाद घालत बसाल.

सकाळी दार उघडताच पोहोचण्यात फारसा अर्थ नाही. फळांचा पाय भट्टीतून निघाल्यावर सारण आळायला तीन-चार तास लागतात. गरमागरम कापला की रस बशीभर पसरतो आणि तळ भिजतो. याउलट दुपार कलली की चांगल्या दुकानांतले लोकप्रिय पाय संपलेले असतात. साडेदहा-अकराला सुरुवात करणं बरं. जिथला माल लवकर संपतो ते दुकान आधी घ्या, नाहीतर तिथला पाय फोनवरच बाजूला ठेवायला सांगा. ठिकाणं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असली तर उत्तम. एका दुकानातला पाय खाल्ल्यावर पुढच्या दुकानातला खाण्याआधी तेवढं चालणं हवंच.

खाण्याचा क्रम असा ठेवा: खारे पाय आधी, मग फळांचे, मग कस्टर्ड आणि क्रीमचे, चॉकलेट किंवा कॅरमेलचे शेवटी. खूप गोड खाल्ल्यावर लगेच फळाचा पाय खाल्ला तर तो उगाच आंबट लागतो. मधे साधं पाणी आणि बिनमिठाचं बिस्किट पुरे. कॉफी प्यायचीच तर बिनसाखरेची, एकदाच, आणि गुण देऊन झाल्यावर.

तुकडा वाटताना आडवा कापू नका. एकाच्या वाट्याला नुसतं सारण येतं, दुसऱ्याच्या नुसती कड. टोकापासून कडेपर्यंत उभे काप करा, म्हणजे प्रत्येकाला तळ, सारण आणि कड तिन्ही मिळतात. त्यासाठी धारदार सुरी मागा. काट्याने दाबलं की पापुद्रे चुरतात.

‘गरम करून देऊ का?’ असं विचारलं तर पहिला घास तरी तसाच खा. मायक्रोवेव्हमध्ये सारणातली वाफ पारीत शिरते आणि खुसखुशीत पारी मऊ पडते. दुकानात ओव्हन असेल आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

आता पारख. आधी तुकडा काट्याने किंचित उचलून तळ पाहा. तो तपकिरी, कोरडा हवा. पांढुरका आणि ओलसर असेल तर भट्टीला खालून पुरेशी आच नव्हती किंवा कच्च्या पारीत गरम सारण ओतलं गेलं. कड मोडून पाहा: पापुद्रे सुटले तर लोणी थंड होतं. पारी वातड लागली तर पाणी जास्त पडलं किंवा पीठ जास्त मळलं गेलं. कस्टर्डच्या पायला मात्र रवाळ, पापुद्रे नसलेली पारी मुद्दाम करतात, तिथे गुण कापू नका. अ‍ॅपल पायमध्ये वरची पारी आणि सफरचंद यांच्यात पोकळी दिसली, तर पारी कडक झाल्यावर फळ आकसलं असं समजा. दिसायला वाईट, चवीला फारसा फरक नाही. कस्टर्डला भेग पडून पाणी सुटलं असेल तर ते जास्त भाजलंय. अंड्यातली प्रथिनं आवळली जातात आणि पाणी बाहेर ढकलतात. मेरँगच्या (अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून सारणावर दिलेल्या थराच्या) खाली पाणी साचलं असेल तर ते बहुधा थंड सारणावर पसरलेलं असतं, त्यामुळे तळाशी कच्चं राहतं.

गुण दहापैकी द्या: पारीला चार, सारणाला चार, दोघांच्या मेळाला दोन. बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या फोनवर लिहून ठेवावं. गटातला एखादा ठामपणे ‘वा!’ म्हणाला की बाकीच्यांचे आकडे आपोआप वर सरकतात.

पथ्यं निघण्याआधीच विचारून घ्या. काही पाऱ्यांत लोण्याऐवजी डुकराची चरबी असते, मांसाच्या थंड पायमध्ये जिलेटिन असू शकतं, आणि फळांच्या पायवरही चकाकीसाठी अंडं लावलेलं असतं. सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने पदार्थांच्या यादीबरोबरच सुरीचीही चौकशी करावी. दुकानात सगळे पाय बहुधा एकाच सुरीने कापतात.

पैसे दिवसभर एकानेच द्यावेत आणि रात्री वाटणी करावी. पाच काउंटरांवर चार-चार बिलं मागितली तर मागची रांग तुमच्या नावाने बोटं मोडेल.

उरलेल्यासाठी उथळ, सपाट तळाचे दोन डबे सोबत ठेवा. कस्टर्ड, क्रीम आणि मांसाचे पाय बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून हे पाय तिथेच संपवा. फळांचा पाय झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही बाहेर टिकतो. १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवला की पारी पुन्हा कुरकुरीत होते.