सोयाबीन यायच्या आधी सेटिंग जागेवर लाव

दसरा झाला की लातूर-उदगीरकडं सोयाबीनच्या गाड्या सुरू होतात, मग खरेदी केंद्राच्या ॲपला हात लावायची सोय राहत नाही. म्हणून हे आधीच उरकायचं.

पहिलं काम कागदावर. ॲपमधली एकूण एक सेटिंग लिहून काढ आणि पुढं ती कोण बदलणार ते लिही. केंद्राचे मॅनेजर बदलणार असतील तर ती डेटाबेसच्या टेबलात. सर्व्हर बदलल्यावर बदलणार असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेरून ॲपला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये. कुणीच बदलणार नसेल तर कोडमध्येच राहू दे.

हमाली, हमीभाव, ओलाव्याची मर्यादा, सगळं टेबलात. हमीभावाचं एक ठीक, वर्षातून एकदा बदलतो: २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये, पुढच्या हंगामाला ५,३२८. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ऐन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ वर गेली. कोडमध्ये १२ लिहिलेलं असेल तर दारात ट्रॅक्टरची रांग आणि तू नवा कोड सर्व्हरवर चढवत (डिप्लॉय करत) बसलेला. जुना आकडा मात्र खोडायचा नाही. ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना ठेवून नवी ओळ घालायची, नाहीतर मागची पावती पुन्हा छापताना हिशेब बदलतो. टेबल कॅशमध्ये (पटकन वाचायला ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतीत) ठेवलं असशील तर बदल जतन करताच कॅश रिकामी होते का, तेही बघ.

डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेची की (गुप्त किल्ली) ज्या डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये असतात, तिचं नाव गिटमध्ये कोडची पहिली नोंद (कमिट) करायच्या आधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं वगळायच्या यादीत टाक. चुकून गिटमध्ये गेलीच तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते. सरळ नवी की घे. फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. एका सर्व्हरसाठी व्हॉल्ट, म्हणजे पासवर्ड सांभाळणारी वेगळी यंत्रणा, उभारायच्या नादी लागू नकोस.

एन्व्हायर्नमेंटमधून येणारी प्रत्येक किंमत (व्हॅल्यू) अक्षरांतच येते. तिथं ‘फॉल्स’ लिहिलं तरी जावास्क्रिप्टच्या इफमध्ये ते ‘ट्रू’च धरलं जातं, तेव्हा तपासून, रूपांतर करून घे.

मी एकदा एसएमएसची की फाइलमध्ये न ठेवता नुसती टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून मोकळा झालो होतो; अशी की सर्व्हर बंद झाला की जाते. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. सकाळी सर्व्हर उठला, ॲप उठलं, मेसेज मात्र एकही जाईना, आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता डॉट-ईएनव्ही फाइलचा पत्ता सिस्टमडीच्या (सर्व्हर उठताच ॲप सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिसमध्येच दे. सुरू होतानाच ॲपनं सगळ्या सेटिंग तपासाव्यात. एक जरी नसली तर तिचं नाव लॉगमध्ये लिहून तिथंच थांबावं. नावच फक्त, किंमत नाही.

शेवटी गाड्या यायच्या आठ दिवस आधी सर्व्हर मुद्दाम रीबूट कर, आणि स्वतःच्या मोबाइलवर पावतीचा मेसेज येईपर्यंत उठू नकोस.