लोकल, डबा, पगार आणि प्रार्थना: मुंबईच्या धावपळीत येशूला मध्यभागी कसं ठेवायचं

मुंबईत कुठल्याही ख्रिस्ती माणसाला विचारा, रोज प्रार्थना होते का, तर उत्तर येतं की वेळच मिळत नाही हो. आणि ते खोटं नाहीये. पहाटे पाणी येतं ते भरायचं, डबे करायचे, मुलांना स्कूलबसमध्ये बसवायचं, मग धावत लोकल पकडायची आणि रात्री घरी आलं की डोळे मिटायला लागतात. पण मला मनापासून वाटतं की विश्वास मध्यभागी ठेवायला जास्तीचा वेळ फार थोडा लागतो, आहे त्याच दिवसात देवाला येऊ द्यायचं असतं, आणि खास करून अशा दोन ठिकाणी जिथे आपण त्याला सहसा येऊ देत नाही, एक पैसा आणि दुसरं भांडण. तिथे तो नसेल तर सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना कितीही झाल्या तरी तो कडेलाच राहतो. म्हणून सवयींबद्दल आधी सांगते, पण खाली पैसा आणि भांडण आहे तो भाग वगळू नका प्लीज.

१. कालचा दिवस कागदावर लिहा

आदर्श दिवस नको, कालचाच लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत जसा गेला तसा. त्यात चार-पाच गोष्टी अशा सापडतील ज्या काहीही झालं तरी रोज होतातच, सकाळचा चहा, प्रवास, दुपारी डबा उघडणं, रात्रीचं जेवण, झोपण्याआधी मोबाईल बघणं. प्रार्थना यांनाच जोडायची. "उद्यापासून रोज अर्धा तास" असं ठरवलेलं आठवडाभरात सुटतं, पण चहाला जोडलेली प्रार्थना टिकते कारण चहा कोणी चुकवत नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलंय ते पण असंच आहे बघा, घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना.

नाईट शिफ्टवाले, म्हणजे नर्सेस, सिक्युरिटीवाले, कॉल सेंटरची मुलं, यांनी सकाळ म्हणजे आपण उठतो ती वेळ असंच धरायचं. दुपारी दोनला उठून केलेली प्रार्थना देवाकडे उशिरा पोचत नाही.

२. उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी

येशू म्हणतो प्रार्थना करायची तेव्हा खोलीत जा आणि दार लावून घे (मत्तय ६:६). आता वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपलेली असताना कुठली खोली आणि कुठलं दार. पण त्याचा मुद्दा असा आहे की लोकांनी बघावं म्हणून करू नका, त्यामुळे ओट्याजवळ उभं राहून करा, गॅलरीत करा, जिन्यात बसून करा, गच्ची उघडी असेल तर तिथे जा. येशूचीही तीच अडचण होती खरं तर. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात शिमोनाच्या घराच्या दाराशी अख्खं गाव जमलंय आणि दुसऱ्या दिवशी तो अंधार असतानाच उठून बाहेर एकांतात जातोय, म्हणजे गर्दीच्या घरातून जागा शोधायला तो पण निघालाच होता.

वाचायचं काय हा प्रश्न असतो. उत्पत्तीपासून सुरू केलं तर बरेच जण लेवीयापर्यंत जाऊन थांबतात, म्हणून मी तरी सांगेन की मार्कपासून करा, सोळाच अध्याय आहेत, रोज एक छोटा प्रसंग वाचला तरी चालतो. वाचायचा कंटाळा येत असेल किंवा मन लागत नसेल तर एक स्तोत्र मोठ्याने वाचा. ११७वं स्तोत्र दोनच ओव्यांचं आहे, १२१वं आठ ओव्यांचं, ज्या दिवशी खरंच दोन मिनिटंच आहेत त्या दिवसासाठी हीच ठेवा. जुन्या भाषांतराची मराठी मुलांना जड जाते, त्यांना वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल द्या, नावाप्रमाणेच सोपं आहे. फोनवर मराठी बायबल फुकट मिळतं, ऑडिओसुद्धा, पण सकाळचं वाचन शक्यतो छापील पुस्तकातून करा कारण फोन उघडला की व्हॉट्सॲप दिसतं आणि मग वचन राहतं बाजूला.

मग प्रार्थना. लांबलचक नको. काल काय मिळालं त्याचे आभार, आज कोणाला भेटायचंय त्यांची नावं, आणि ज्याची भीती वाटतेय ते सरळ सांगून टाकायचं. इतकं पुरे.

३. लोकलमधला तास

मुंबईकराला देवाने ही एक वेळ दिलीच आहे असं मी मानते. बोरिवली ते चर्चगेट स्लो गाडीला तासाच्या वर लागतो, कल्याण-डोंबिवलीवाल्यांचं विचारायलाच नको, आणि गर्दीत पुस्तक उघडायलाही हात मोकळा नसतो. अशा वेळी स्टेशनं वापरा. प्रत्येक स्टेशन एका माणसाला द्यायचं. समजा तुम्ही ठाण्याहून दादरला येता, तर मुलुंडला आई-बाबा, नाहूरला आजारी मावशी, भांडुपला मुलाची परीक्षा, कांजूरमार्गला ऑफिसमधला तो सहकारी ज्याचं घरी बरं चाललेलं नाही, विक्रोळीला तुमचे पाळकसाहेब किंवा फादर, घाटकोपरला गर्दी आत घुसते तेव्हा त्या गर्दीसाठीच, कुर्ल्याला ज्याच्याशी पटत नाही तो माणूस. स्टेशन आलं की नाव आपोआप आठवतं, लिहून ठेवावं लागत नाही, आणि महिन्याभरात ही माणसं खरोखर मनात राहायला लागतात. त्यांची चौकशी करायचा फोन मग आपणहून होतो.

कॅथलिक बंधुभगिनींना जपमाळ आहेच, खिशातल्या खिशात पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) होतात. बाकीच्यांनी एखादं वचन पाठ करायला घ्यावं, आठवड्याला एक, किंवा "प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर" एवढीच प्रार्थना श्वासाबरोबर मनात चालू ठेवावी, पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांमध्ये ही पद्धत शेकडो वर्षं चालत आलेली आहे.

आणि हो, चौथ्या सीटवरून भांडण होतं, दारात उभं राहण्यावरून होतं, तेव्हा आपण कसे बोलतो ते पण याच तासात येतं. प्रार्थना करून झाल्यावर शेजारच्या बाईला कोपराने ढकललं तर त्या प्रार्थनेला काही अर्थ राहत नाही. थोडं सरकून बसणं आणि उभ्या असलेल्या दमलेल्या बाईला दोन स्टेशनं सीट देणं याला पैसे पडत नाहीत.

४. कामाच्या जागी

इथे थोडक्यात सांगते. डबा उघडला की दोन सेकंद डोळे मिटून आभार माना, कोणी बघितलं तर बघू दे, न लपवता पण न दाखवता. चहाच्या वेळी गैरहजर माणसाबद्दल बोलणं सुरू झालं की विषय बदला किंवा उठा. आणि काम नीट करा, साहेब बघत नसतानाही, कलस्सैकरांच्या पत्रात (३:२३) प्रेषित पौल हे दासांना सांगतोय, म्हणजे ज्यांना पगार पण नव्हता अशांना, तर आपल्याला काय सबब आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत टॅक्स वाचवायला भाड्याच्या खोट्या पावत्या जमवल्या जातात आणि सगळेच करतात म्हणून आपल्यालाही त्यात काही वाटेनासं होतं. नका करू. चर्चमध्ये कमिटीवर असलेल्या माणसाने तर अजिबातच नको.

५. संध्याकाळी घरात

कौटुंबिक प्रार्थना आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत घराघरात व्हायची, हल्ली क्लासेस आणि येण्याजाण्याच्या वेळांमुळे सुटत चालली आहे. परत सुरू करायची तर रोजचा हट्ट धरू नका, आठवड्यातले दोन वार ठरवा, जेवणाच्या आधी दहा मिनिटं, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. एक गीत, थोडं वाचन, प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना. वाचन मुलांना करू द्या, अडखळले तरी मध्ये दुरुस्त करत बसू नका. मोठ्यांनी लांब प्रार्थना केली की मुलं पुढच्या वेळी पळतात हे सगळ्यांना माहीत आहे तरी आपण करतोच.

गीतांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. इंग्रजी वर्शिप साँग्ज छान आहेत, मुलांना आवडतात, गावीत. पण आपल्याकडे मराठीत जे आहे ते हरवू देऊ नका. फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओव्यांमध्ये रचली आणि ती १६१६ साली छापली गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये याच मुंबईत झाला आणि नंतर त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या चालीत किती गीतं दिली, उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं. पेटी आणि तबला किंवा नुसत्या टाळ्या असल्या तरी घर भरून जातं. आजी घरात असेल तर तिच्याकडून चाली आत्ताच शिकून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, कारण बऱ्याच चाली पुस्तकात नाहीत, माणसांच्या गळ्यात आहेत.

शेजारपाजारचंही इथेच येतं. गणपतीत प्रसाद येतो, दिवाळीत फराळ येतो, घ्यायचं की नाही यावर ख्रिस्ती घरांमध्येही वेगवेगळी मतं आहेत. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात (८ आणि १० अध्याय) आणि रोमकरांना १४व्या अध्यायात यावर लिहिलंय, ते घरात बसून एकदा वाचा आणि आपलं काय ते आधीच ठरवा, म्हणजे दारात माणूस उभा असताना गोंधळ होत नाही. जे काही ठराल ते प्रेमाने आणि हसून करा. नाताळात करंज्या आणि केक त्याच घरांमध्ये आधी पाठवा.

६. पगाराचा दिवस

पगार जमा झाला की पहिलं काम अर्पण बाजूला काढायचं, महिनाअखेरीस उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. दशांश म्हणजे दहावा भाग, तो जमत नसेल तर जेवढा जमतो तेवढा ठरवा पण ठरवा. थोडं चर्चला, थोडं अशा माणसाला ज्याला कळणारही नाही कोणी दिलं. डाव्या हाताला कळू देऊ नये हे येशूचं सांगणं आहेच.

आता एक गोष्ट जी अर्पणापेक्षाही आधी करायची. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार. अनुवाद २४:१५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. "बघते, दोन दिवसांनी देते" असं आपण किती सहज म्हणतो, तिला त्याच पैशातून भाडं द्यायचं असतं. १ तारखेला द्या. आजारपणाची सुट्टी कापू नका. नाताळचा बोनस द्या, ती ख्रिस्ती असो वा नसो.

७. अबोला

हे सगळ्यात अवघड आहे. मुंबईत जागेला सोन्याचा भाव, त्यामुळे खोलीवरून, आईवडिलांच्या फ्लॅटवरून भावंडांमध्ये बोलणं बंद झालंय अशी ख्रिस्ती कुटुंबं प्रत्येक मंडळीत आहेत, एकाच चर्चमध्ये येतात आणि वेगवेगळ्या बाजूला बसतात. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्ष द्या, तुझ्या मनात काही आहे असं नाही म्हणाला, त्याच्या मनात आहे म्हणाला. म्हणजे मी कुठे चिडलोय, तोच चिडलाय, ही सबब आधीच संपवून टाकली आहे.

करायचं कसं तर असं करा. शनिवारी संध्याकाळी एका नावाचा विचार करा. मेसेज टाकू नका, मेसेजचा सूर कळत नाही आणि ब्लू टिक दिसूनही उत्तर आलं नाही की जखम अजून चिघळते. फोन करा. जागेचा विषय काढूच नका, तब्येत विचारा, मुलांचं विचारा, "मला तुझी आठवण आली" एवढं म्हणा. आपलं चुकलं असेल तर "पण" न लावता माफी मागा. कोर्टात केस चालू असली तरी तब्येत विचारता येते. समोरच्याने फोन ठेवला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि काही आठवड्यांनी परत करा. आणि जिथे मारहाण किंवा छळ आहे तिथे हे लागू करू नका, तिथे आधी सुरक्षित व्हा, मदत घ्या, क्षमा म्हणजे त्या घरात परत जाऊन मार खाणं नव्हे.

८. रविवार

तयारी शनिवारीच करा. मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवा, कपडे काढून ठेवा, दुपारचं जेवण साधं ठेवा म्हणजे जिचं सगळं लक्ष मटणाच्या कुकरवर असतं तिलाही उपासनेत बसता येईल. रविवारी ड्यूटी असेल तर कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते, बाकीच्यांनी संध्याकाळची उपासना कुठे आहे ते शोधा, आणि ऑनलाइन बघणं हा अगदी शेवटचा उपाय ठेवा, आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ते वरदान आहे पण धडधाकट माणसाने सोफ्यावर बसून प्रभुभोजन चुकवू नये. उपासना संपली की लगेच पळू नका, थांबून एखाद्या एकट्या आलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला.

९. मन लागत नाही तेव्हा

असे दिवस येणारच, कधी कधी महिने येतात. तेव्हा स्वतःचे शब्द शोधत बसू नका, स्तोत्रांचे घ्या. १३वं स्तोत्र "किती वेळ?" असं देवालाच विचारतं, आणि ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे तशी प्रार्थना चालते. चार दिवस चुकले तर चार दिवसांचं भरून काढायचं नाही, आजचं करायचं. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरलाही दाखवा, त्यात अविश्वास काही नाही.

आणि एकट्याने करू नका. चर्चमधला किंवा नात्यातला एक माणूस धरा, बाईने बाई, पुरुषाने पुरुष धरला तर बरं, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी दहा मिनिटं फोनवर बोला. विचारायचे प्रश्न दोनच, या आठवड्यात काय वाचलंस, आणि कोणाला फोन करायचा राहिलाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की फोन ठेवून आधी तो फोन करायला सांगा.