टोरंटवरून फाइल उतरवताय? आधी हे करा

चवथीला डिचोलीला गेलेलो तेव्हा भाचा लॅपटॉप घेऊन बसलेला, टोरंटवरून (म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवरून थेट तुकड्यातुकड्यांनी फाइल घ्यायची पद्धत) सिनेमा उतरवलेला आणि आता डबल क्लिक करणार तेवढ्यात मी हात धरला, कारण साइज फक्त २ एमबी! एवढ्यात अख्खा सिनेमा कसा मावेल? खरं नाव निघालं .एमपी४.ईएक्सई, म्हणजे सिनेमा नव्हेच, क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्रॅम, विंडोज शेवटचा तुकडा लपवतं ना, म्हणून त्याला नुसतं एमपी४ दिसत होतं.

तर पहिलं हेच, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. सिनेमा, गाण्याच्या नावाखाली .ईएक्सई किंवा .एससीआर (हापण प्रोग्रॅमच) आलं तर न उघडता डिलीट. पासवर्डवाली झिप पण नको, कुलूप असलं की अँटीव्हायरसला आतलं दिसत नाही. शंका आली तर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाका, ६५० एमबीपर्यंतची फाइल चालते.

आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, टोरंट चालू असताना तुमचा आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) त्या फाइलला जोडलेल्या सगळ्यांना दिसतो आणि डाउनलोड करता करता तुम्ही अपलोडपण करत असता. म्हणजे पायरेटेड माल असेल तर तुम्ही तो वाटताय. जाणूनबुजून केलं तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड.

टोरंट स्वतः वाईट नाही हां, उबुंटूवाले (विंडोजसारखी फुकट सिस्टिम बनवणारे) स्वतःच्या साइटवर टोरंट देतात, तिथूनच घ्या आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, अक्षरं-आकड्यांची एक ओळ) साइटवर दिलेल्याशी जुळवा, एक अक्षर जरी वेगळं तरी फाइल टाकून द्या. शेअरिंगला वेगळा फोल्डर ठेवा, आधार-पासबुकाचे स्कॅन असलेला कधीच नाही.